गावाजवळच्या बायवेवर गाड्या बंद करायची नोटीस लागलीय, आक्षेप घेऊ की सही करू?

धुळवाट

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण सल्ला हवाय आणि लवकर हवाय, कारण आक्षेपाची मुदत २१ दिवसांची आहे नि त्यातले ६ गेले.

आम्ही इंग्लंडमधे स्विंडनच्या दक्षिणेला एका छोट्या गावात राहतो. गावाच्या टोकाला एक बायवे, म्हणजे कच्ची सार्वजनिक वाट आहे, ती टेकडीवर चढते आणि वर जाऊन रिजवे नावाच्या फार जुन्या रस्त्याला मिळते. डांबर वगैरे काही नाही, खडूची पांढरी माती, दोन्ही बाजूला काटेरी झाडी आणि मधे दोन चाकोऱ्या. तीन वर्षांपूर्वी मी जुनी लँड रोव्हर डिफेंडर घेतली, तेव्हापासून महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळी मी आणि माझा मुलगा, तो ११ वर्षांचा आहे, नकाशा घेऊन निघतो. तो नकाशा वाचतो, मी हळू चालवतो, समोरून कुणी घोड्यावर आलं की इंजिन बंद करून थांबतो. माझं लहानपण माण तालुक्यात गेलं, शेतावर जायला बैलगाडीची वाट होती, आजोबांच्या मागे बसून जायचो. त्यामुळे या वाटांवर गेलं की मला जे वाटतं ते इथे राहणाऱ्या माझ्या पोराला दुसऱ्या कुठल्या रीतीने देता येईल असं मला वाटत नाही.

आता गेल्या आठवड्यात फाट्यावरच्या खांबाला प्लास्टिकमधे घातलेला कागद बांधलाय. वर्षभर सगळ्या मोटार वाहनांना बंदी, फक्त शेतकरी आणि तिथल्या जमिनीवाल्यांना सूट. त्याच संध्याकाळी शेजारच्या आजी पाठिंब्याचं पत्र घेऊन सहीसाठी दारात. या आजींनी बायकोच्या बाळंतपणात आम्हाला दोन आठवडे जेवण आणून दिलंय हो, आमचं इथे कुणीच नव्हतं तेव्हा. मी म्हणलं विचार करून सांगतो. त्या काही बोलल्या नाहीत पण चेहरा पडला त्यांचा.

तर सांगा, कौन्सिलला, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाला, अशी बंदी घालता येते का, आक्षेप घ्यायचा तर कसा, आणि मुळात मी घ्यावा का?

टेकडीवाली

सही करा दादा. रागावू नका पण सरळ सांगते.

मी रिजवेपासून वीस मिनिटांवर राहते आणि वर्षाचे बाराही महिने चालते. तुम्ही हळू चालवत असाल, थांबत असाल, मी तुमच्यावर विश्वास ठेवते. पण दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत माझी आई नाशिकहून आली होती, तिला म्हणलं चल तुला पाच हजार वर्षं जुना रस्ता दाखवते. खालच्या बायवेवरून वर जायला निघालो तर चाकोऱ्या माझ्या गुडघ्यापर्यंत खोल, त्यात दुधासारखं पांढरं पाणी साचलेलं, आणि मधला उंचवटा एक पाऊल बसेल एवढाच. त्या उंचवट्यावरून आईचा पाय घसरला. घोटा सुजून टम्म, शुक्रवारी परतीचं विमान. वर रिजवेपर्यंत ती गेलीच नाही. ती आता ७४ वर्षांची आहे, परत येईल की नाही माहीत नाही.

चाकोरी एकदा पडली की पाणी तिच्यातूनच वाहतं आणि ती आणखी खोल होते, मग पुढची गाडी ती टाळायला बाजूच्या गवतावरून जाते, मग तिथे नवीन चाकोरी. असं करत दोन मीटरची वाट सहा मीटरची होते. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि फक्त आमच्याकडेच नाही. लेक डिस्ट्रिक्टमधे टिल्बरथ्वेट आणि ऑक्सनफेलच्या वाटांवरून किती वर्षं भांडण चाललंय बघा. ती जमीन मुलांची पुस्तकं लिहिणाऱ्या बीट्रिक्स पॉटरने विकत घेऊन मृत्यूनंतर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिली, २०१७ साली तो सगळा भाग जागतिक वारसा झाला, तरी २०१९ मधे नॅशनल पार्क अथॉरिटीने ठरवलं की गाड्यांवर बंदी घालणार नाही. लोक हायकोर्टात गेले आणि ऑगस्ट २०२० मधे तिथेही हरले. त्यामुळे एखादी कौन्सिल स्वतःहून बंदी घालायला निघाली असेल तर मी दोन्ही हातांनी सही करीन.

नकाशेवाली

मी दुसऱ्या एका काउंटीत राइट्स ऑफ वेच्या, म्हणजे सार्वजनिक वाटांच्या हक्कांच्या कामात आहे, त्यामुळे तुमच्या रस्त्याबद्दल बोलणार नाही, पण पद्धत सांगते.

आधी खांबावरच्या बाणाचा रंग बघा. लाल असेल तर ती सगळ्या वाहनांना खुली असलेली बायवे. जांभळट असेल तर रिस्ट्रिक्टेड बायवे, तिथे घोडागाडी चालते पण मोटार नाही. निळा म्हणजे ब्रायडलवे, घोड्यावरून जाता येईल अशी वाट, पिवळा म्हणजे फुटपाथ, फक्त पायी चालायची वाट. लोक नुसता बायवे शब्द वाचतात आणि गाडी घालतात, आणि १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टच्या कलम ३४ खाली तो सरळ गुन्हा होतो. बाणावरही पूर्ण विसंबू नका, खांब पडतात, कुणीतरी फिरवून ठेवतं. कौन्सिलकडे डेफिनिटिव्ह मॅप, म्हणजे सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा असतो तो बघायला मागा, तोच पुरावा. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० नकाशावर खुली बायवे हिरव्या अधिकच्या चिन्हांच्या ओळीने दाखवतात, तुमच्या मुलाला ती लगेच सापडेल.

हे सगळं आलं कुठून ते थोडक्यात. १९४९ च्या कायद्याने काउंट्यांना हे नकाशे बनवायला लावले. तेव्हा फुटपाथ, ब्रायडलवे आणि एक तिसरा गोंधळाचा प्रकार होता, रस्ता पण पायवाट म्हणून वापरला जाणारा, त्याला सगळे रप म्हणायचे. त्या रपवर गाडीचा हक्क आहे का नाही हे कुणालाच धड सांगता यायचं नाही. १९६८ च्या कायद्याने खुली बायवे हा वर्ग आणला, त्याने आणि नंतर १९८१ च्या कायद्याने एकेका रपचा निकाल लावायला सांगितलं, ते काम इतकं रेंगाळलं की शेवटी २ मे २००६ ला उरलेले सगळे रप एका फटक्यात रिस्ट्रिक्टेड बायवे झाले. आणि त्याच दिवशी इंग्लंडमधे दुसरा कायदा लागू झाला, त्याने नकाशावर न नोंदलेले मोटारींचे जुने हक्क, काही अपवाद सोडले तर, संपवले. त्याआधी दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदावर बैलगाडी घोडागाडी जात होती एवढं सिद्ध केलं की मोटारसायकलचाही हक्क निघायचा, कारण इथला जुना नियम असा की एकदा रस्ता झाला की तो कायमचा रस्ता. ते दार आता बंद आहे.

आता तुमची नोटीस. १९८४ च्या रोड ट्रॅफिक रेग्युलेशन ॲक्टखाली ट्रॅफिक रेग्युलेशन ऑर्डर काढतात, आम्ही टीआरओ म्हणतो. होय, कौन्सिलला अधिकार आहे. पण कारण द्यावं लागतं: लोकांना धोका, रस्त्याचं नुकसान, चालणाऱ्यांसाठी आणि घोडेस्वारांसाठी त्या वाटेचं रूप टिकवणं, परिसराचं सौंदर्य वगैरे. नोटिशीबरोबर कारणांचं निवेदन असतं, ते मागवा आणि आक्षेप त्याच्यावर घ्या. मला गाडी चालवायला आवडते या वाक्याला फाइलमधे फार किंमत नसते. या या ठिकाणी नुकसान आहे, ते अमुक महिन्यांत होतं, त्याला वर्षभराची बंदी लागत नाही, असं लिहिलंत तर ते अधिकाऱ्याला वाचावंच लागतं. कमिटीपुढे उत्तर द्यावं लागतं.

ऑर्डर निघाल्यावर ती चूक वाटली तर सहा आठवड्यांत हायकोर्टात जाता येतं. पीक डिस्ट्रिक्टमधे ईडेलजवळ चॅपल गेट नावाची वाट आहे, तिथे प्रयोग म्हणून काढलेली ऑर्डर मोटारसायकलवाल्यांनी २०१२ मधे कोर्टातून रद्द करून घेतली. मात्र तिथल्या नॅशनल पार्क अथॉरिटीने पुढे तिथे कायमची ऑर्डर केलीच. म्हणून म्हणते, कोर्टापेक्षा हे २१ दिवस महत्त्वाचे.

दोनचाकी

टेकडीवाली ताई, तुमच्या आईबद्दल वाचून खरंच वाईट वाटलं. पण आमची बाजू पण ऐका.

मी २५० सीसीची ट्रेल बाइक चालवतो, नंबर प्लेट, टॅक्स, एमओटी म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, इन्शुरन्स सगळं आहे, बायवेवर हे सगळं लागतंच, तो रस्ताच आहे कायद्याने. इंग्लंडमधे सार्वजनिक वाटांचं जाळं १,८८,००० किलोमीटरच्या आसपास आहे, त्यातल्या खुल्या बायवे किती, तर जेमतेम २ टक्के. बाकी सगळीकडे चालायला मोकळीक आहे, आमच्याकडे एवढंच उरलंय आणि दर वर्षी त्यातलं एखादं जातं. आणि हक्क नोंदवायला गेलो तर काय होतं ते डॉर्सेटमधे बघा. २००४ मधे पाच वाटांचे अर्ज केले होते, कौन्सिलने फेटाळले का तर म्हणे नकाशा १:२५,००० चा हवा आणि तुम्ही १:५०,००० वाला मोठा करून छापलाय! ते भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०१५ मधे आम्ही जिंकलो, पाचातल्या तीन न्यायमूर्तींनी आमच्या बाजूने निकाल दिला. नकाशा कसा छापला यावर ११ वर्षं.

अजून एक. ज्या पोरांमुळे लोक चिडतात त्यांच्या बाइकला प्लेट नसते, ते बायवेवरही जातात, फुटपाथवरही जातात, उभ्या पिकातूनही जातात. टीआरओची पाटी लावून ती थांबणारेत का? थांबणार आम्ही, जे पाटी वाचतो. त्यांच्यासाठी पोलिसांकडे २००२ च्या कायद्याचं कलम ५९ आहे, लोकांना त्रास होईल असं चालवलं तर गाडी जप्त करता येते. ते वापरा म्हणून आम्ही घसा कोरडा करतोय.

चाकोऱ्यांबद्दल म्हणाल तर हिवाळ्यात त्या वाटेवरून सगळ्यात जड काय जातं ते एकदा उभं राहून बघा. ट्रॅक्टर आणि मागे ट्रेलर. त्याला टीआरओतून सूट असते. मी शेतकऱ्याच्या विरोधात नाहीये, त्याला जावंच लागतं, पण मग बंदीनंतरही वाट तशीच राहिली तर कुणाला बोलणार?

टेकडीवाली

ट्रॅक्टरचं खरं आहे, ते मान्य. पण ट्रॅक्टर कामासाठी जातो आणि तुम्ही मजेसाठी, हा फरक मला मोठा वाटतो. माझ्या चालण्याने कुणाचा पाय मुरगळत नाही.

चाकखुर्ची

इथे अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्या बाबांना पार्किन्सन्स आहे, २०० मीटरच्या पुढे चालवत नाही. ते आयुष्यभर सह्याद्रीत फिरले, हरिश्चंद्रगड, रतनगड, नाणेघाट, सगळं पायी. इथे आल्यावर त्यांना टेकडीच्या माथ्यावर न्यायचा एकच मार्ग आहे, माझी साधी फोर बाय फोर आणि उन्हाळ्यातली कोरडी बायवे. मागच्या जूनमधे अफिंग्टनच्या बाजूला एका बायवेने वर नेलं, गाडीतून उतरून काठी टेकत उभे राहिले, वारा भणाणत होता, चंडोल गात होते. अर्धा तास काही बोलले नाहीत. मग म्हणाले, राजगडावर असाच वारा लागतो बालेकिल्ल्याच्या दारात.

वर्षभराची बंदी म्हणजे त्यांच्यासाठी ते कायमचं बंद. कौन्सिलवाले म्हणतात अपंगांसाठी सूट ठेवू, ठेवतात पण. पण मग फाट्यावर दगड किंवा लाकडी ओंडके आडवे टाकतात पोरांच्या बाइक अडवायला, आणि त्याने सगळ्यात आधी अडतो तो चाकाच्या खुर्चीवाला. आमच्या इथे एका ठिकाणी असंच झालं, कागदावर सूट आणि वाटेत दीड टनाचा दगड. तेव्हा आक्षेपात हे जरूर लिहा, अडथळा टाकणार असाल तर रुंदी किती ठेवणार आणि चावी कुणाकडे.

पाणंद

मी सोलापूर जिल्ह्यातून वाचतोय, माझा इंग्लंडशी संबंध एवढाच की भाऊ तिकडे आहे, त्यानेच ही लिंक पाठवली. वाचून नवल वाटलं, कारण आमच्याकडे नेमकं उलटं भांडण असतं. तिकडे गाडी नको म्हणून भांडतात, इथे गाडी जाऊ द्या म्हणून.

आमची पाणंद गाव नकाशावर दुहेरी तुटक रेघेने दाखवलीय, म्हणजे गाडीरस्ता. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या बांधांनी तिला खाऊन टाकलं, बैलगाडी जायची तिथे आता पावसाळ्यात माणूस जात नाही. ऊस तोडला तर ट्रॅक्टर आत येईना म्हणून मागच्या साली टोळी दुसऱ्याच्या रानात गेली आणि आमचा ऊस तीन आठवडे उभा वाळला. मग तहसीलदाराकडे अर्ज. रस्ता अडवला असेल तर मामलेदार कोर्ट ॲक्ट, १९०६ सालचा, त्याचं कलम ५. नवीन रस्ता बांधावरून मागायचा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. दोन्हीत तहसीलदार जागेवर येऊन बघतो, नकाशा जुळवतो, शेजाऱ्यांचे जबाब घेतो.

मला सांगायचंय ते हे की आमचा निकाल लागला तो जागेवर लागला. कचेरीत बसून दोन तारखा झाल्या तर दोघंही ओरडत होतो. साहेब स्वतः चिखलातून चालत आले, पाणी कुठून येतंय ते बघितलं, म्हणाले रस्ता रस्त्यामुळे खराब नाही, वरच्या रानातला चर तुम्ही बुजवलाय म्हणून खराब आहे. चर उकरला, मुरूम टाकला, यंदा ट्रॅक्टर आला. तुम्ही त्या आजींना घेऊन जागेवर जा. पाणी कुठून येतं ते बघा आधी.

धुळवाट

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः पाणंद दादांचे, कारण मी अगदी तेच केलं.

शनिवारी आजींकडे गेलो, म्हणलं सही करायची की नाही ते नंतर, आधी तुम्ही मला वाट दाखवा, मी गाडी आणत नाही, चालत जाऊ. त्या ८१ वर्षांच्या आहेत आणि माझ्यापेक्षा ताठ चालतात. मुलगा टेप घेऊन आला. बाण लाल आहे, नकाशावर हिरवी अधिकची ओळ आहे, ते आधी बघून घेतलं.

खालचा अर्धा मैल वाट छान आहे, गवत आहे, चाकोरी चार बोटं. मग एका वळणावर जिथे वरच्या शेताचं फाटक आहे तिथून पुढे साठ-सत्तर पावलं अक्षरशः राडा. मुलाने टेप लावला, चाकोरी ४६ सेंटीमीटर. आजींनी काठीने झाडीत उकरून दाखवलं, तिथे एक जुना दगडी चर आहे, मातीने आणि पानांनी पूर्ण बुजलेला. त्या म्हणाल्या त्यांच्या लग्नानंतर पहिल्या वर्षी एक माणूस फावडं घेऊन दर ऑक्टोबरात तो साफ करायचा, कौन्सिलचा रोजंदारीवरचा. आता कुणी येत नाही. वरच्या शेताचं सगळं पाणी त्या फाटकातून वाटेवर उतरतं आणि तिथेच ट्रॅक्टर वळतो आणि तिथूनच आम्ही चार चाकंवाले वर चढतो. चाकांचे माग तिथे तीन प्रकारचे होते, रुंद ट्रॅक्टरचा, आमच्यासारख्यांचा, आणि बाइकचा. माझ्या गाडीचा पण असेल, मी नोव्हेंबरात गेलो होतो. मला ते बघून फार लागलं. वरून बसून ते कधी दिसलंच नव्हतं, गाडी थोडी डुलायची एवढंच.

तिथे उभं राहून आजी म्हणाल्या की त्यांना आवाजाचा त्रास नाही, गाड्यांचाही राग नाही, त्यांना फक्त माथ्यावर जायचंय, यजमानांची राख तिथे आहे, आणि गेल्या दोन हिवाळ्यांत त्यांना तिथे जाता आलेलं नाही.

मी परत येऊन पत्र लिहिलं. पाठिंब्याच्या पत्रावर सही केली नाही, वेगळं पत्र दिलं. त्यात असं: वर्षभराच्या बंदीला आक्षेप, पण १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल बंदीला पूर्ण पाठिंबा, कारण वरच्या रिजवेच्या ज्या भागांवर गाड्यांना परवानगी आहे तिथे याच तारखांना त्या बंद असतात, मग खालची वाट त्या महिन्यांत चालू ठेवून फायदा काय, वर जाऊन अडकायचंच. दुसरं, चर उकरा आणि त्या सत्तर पावलांवर खडी टाका, फोटो आणि मापं जोडलीत. तिसरं, चाकखुर्चीवाल्यांचा मुद्दा, अडथळ्याची रुंदी. चौथं, ट्रॅक्टरच्या फाटकाशी पाणी अडवायची काहीतरी व्यवस्था, शेतकऱ्याशी बोलून. आजींना वाचून दाखवलं. त्यांनी स्वतःची वर्षभराच्या बंदीची सही मागे घेतली नाही, तो त्यांचा हक्क आहे, पण चराबद्दलचा परिच्छेद त्यांनी त्यांच्या पत्रात पण घातला, आणि तो माणूस कुठल्या साली यायचा ते सुद्धा लिहिलं.

टेकडीवाली

हे पटलं. मे ते सप्टेंबर मी पण मान्य करीन, जर चर खरंच उकरला तर. नाहीतर उन्हाळ्याच्या एका जोरदार पावसात परत तेच.

दोनचाकी

आमच्या ग्रुपमधले सहा-सात जण शनिवारी फावडी घेऊन यायला तयार आहोत. आम्ही दुसरीकडे हे काम केलंय. फक्त परवानगी कुणाची लागेल?

नकाशेवाली

परवानगीशिवाय एकही फावडं मारू नका, हे नीट ऐका. बायवेची दुरुस्ती ही हायवे अथॉरिटीची जबाबदारी आहे, आणि चर जर शेतकऱ्याच्या हद्दीत असेल तर त्याचीही संमती लागेल. राइट्स ऑफ वे ऑफिसरला ईमेल करा, स्वयंसेवक आहोत, अवजारं आमची, तारीख तुम्ही सांगा, असं. पक्ष्यांची घरटी बघता मार्च ते ऑगस्ट झाडीला हात लावू देणार नाहीत, त्यामुळे काम सप्टेंबरात धरा.

आणि धुळवाट दादा, पत्र पाठवलंय ते ईमेलने की पोस्टाने? पोच मागवून घ्या. पत्त्याशिवाय आलेला आक्षेप बाजूला पडतो, तुमचा पूर्ण पत्ता आणि नोटिशीवरचा ऑर्डर क्रमांक पत्रात आहे ना ते आजच तपासा, अजून दिवस आहेत.

धुळवाट

ऑर्डर क्रमांक राहिला होता! आत्ता दुरुस्त करून परत पाठवलं, पोच आली. दोनचाकी, ऑफिसरला मेल टाकतो उद्या, तुमचा ग्रुप आणि गावातले चार जण असं लिहितो. आजी म्हणाल्या चहा त्यांच्याकडे.